गल्ल्यातली चिल्लर निवडायची आहे, ८०० रुपयांत काय काय घ्यावं?

किराणा_कोथरूड
दुकानात रोज तीनेकशे नाणी जमतात. त्यातली जुनी, स्मारक (थोरांच्या किंवा घटनांच्या स्मरणार्थ काढलेली) आणि परदेशी बाजूला काढायची आहेत, विकायची नाहीत. कमीत कमी साधनं कोणती, रात्री गल्ला मोजताना भराभर निवडायचं कसं आणि ठेवायची कशात? बजेट एकूण ८०० रुपये. रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही.

टांकसाळवाला
८०० विसरा. चांगलं दहापट भिंग घ्या, काचेचं. माझं २४०० चं आहे आणि पैसे वसूल आहेत. '३० एक्स', '६० एक्स' कोरलेली स्वस्त भिंगं तेवढं मोठं दाखवतच नाहीत, वर कडेला चित्र वाकडं दिसतं.
भिंग कशाला, तर सालाखालची टांकसाळीची खूण बघायला. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण मुंबईची, पाच टोकांची चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर नोएडाचा ठिपका पुसला जातो आणि लोक त्याला कोलकाता समजतात. नाणं तिरपं धरा, उजेड एका बाजूने घ्या, उंचवटा असेल तर सावली पडते. नोएडाची टांकसाळ १९८८ ची आहे, त्यामुळे त्याआधीच्या सालाखाली ठिपका दिसला तर तो नोएडाचा नाही. सालाखाली नुसता एम असेल तर बहुधा कुणीतरी प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास पाडलेली नाणी) फोडून खर्चलाय.

लोहचुंबक
भिंग नंतर, आधी चुंबक. बंद पडलेल्या स्पीकरमधला फुकट मिळतो. दहा-वीसची नाणी आधी हातानेच काढून ठेवा. उरलेली परातीत एका थरात पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. स्टीलची सगळी चिकटतील, पिशवी उलटी केली की सुटतील. परातीत काय उरतं? २००४ पर्यंतचे अकरा कोनी दोन रुपये, जुने जाड पाच रुपये (दोन्ही तांबे-निकेलचे), २००९ नंतरचे पिवळे पाच रुपये आणि बरीचशी परदेशी. तीनशे नाण्यांना चार मिनिटं पुरतात.

अकरा_कोनी
@लोहचुंबक, अर्धवट सांगताय. चुंबकाला चिकटलेल्या ढिगातच १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया असतो, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये असतात. दोन्ही स्टीलचे. तुमच्या पद्धतीने ते सरळ पुन्हा गल्ल्यात जाणार. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये मात्र तांबे-निकेलचे, ते परातीत राहतील.
तेव्हा चिकटलेला ढीगही नजरेखालून घालायचा. सगळी नाणी आकड्याची बाजू खाली करून लावा. नुसता अशोकस्तंभ दिसला तर साधं नाणं. चेहरा किंवा बोधचिन्ह दिसलं की उचला.

लोहचुंबक
स्मारक नाण्यावर अशोकस्तंभ आकड्याच्या बाजूला असतो, म्हणजे दुसऱ्या बाजूला चित्र. मीही तेच म्हणत होतो.

अकरा_कोनी
म्हणत नव्हतात.

सराफ_कट्टा
काटा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. ०.०१ ग्रॅमचा घ्या, २०० ग्रॅम क्षमतेचा, सोबत काटा तपासायचं वजन असलेला. वापरण्याआधी पाच मिनिटं चालू ठेवा, पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा थांबत नाही. लक्षात ठेवायची वजनं: तांबे-निकेलचे दोन रुपये ६ ग्रॅम, २६ मिमी. जुने जाड पाच रुपये ९ ग्रॅम, २३ मिमी. १९९२ ते २०१० चा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. २००७ चे दोन बोटांचे दोन रुपये ५.६२ ग्रॅम, २७ मिमी. दहाचं ७.७१ ग्रॅम. झिजेमुळे पाच-दहा सेंटिग्रॅम कमी भरेल, ते चालतं. अर्धा ग्रॅम फरक आला तर नाणं परदेशी, खोटं किंवा चुकीच्या चकतीवर ठोकलेलं. माझा काटा १४०० चा आहे.

किराणा_कोथरूड
बजेट ८०० आहे हो.

दहाचं_नाणं
विषय निघालाच आहे तर, तुम्ही दुकानदार दहाचं नाणं घेत का नाही? रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की चौदाही नमुने वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असो वा नसो.

किराणा_कोथरूड
मी घेतो. गिऱ्हाईक परत घेत नाही.

दहाचं_नाणं
कायद्याने एका वेळी हजार रुपयांपर्यंतची नाणी घ्यावी लागतात. पन्नास पैसे मात्र दहा रुपयांपर्यंतच. पन्नास पैसे अजून चलनात आहेत, बंद झाले ते पंचवीस आणि त्याखालचे, ३० जून २०११ ला.

लखपती_२०२५
वैष्णोदेवीचं नाणं मिळालं तर सांगा. पाच लाखांना जातं, व्हिडिओ आहे.

टांकसाळवाला
जात नाही. २०१२ ची पाच आणि दहाची ती नाणी ढिगाने पाडली आहेत, अजून चलनात फिरतात. आधी 'नोंदणी फी' मागणारा सरळ फसवतोय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली आहे की अशा व्यवहारात बँक स्वतः नाही आणि तिच्या नावाने कमिशन घ्यायला तिने कुणाला नेमलेलं नाही.
धागाकर्त्या, लाखांच्या मागे न लागता सालाखालच्या खुणा शोधा. १९८५ चा रुपया एच खुणेचा असेल तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला. १९९९ च्या पाच रुपयांवर रशियन अक्षरं असतील तर मॉस्कोचा. किमतीला फार नाहीत, पण आपलं नाणं परदेशातून पाडून आलेलं हातात येतं.

दुबई_रिटर्न
परदेशींबद्दल कुणीच बोलेना. साल वाचायला शिका, देश आपोआप कळतो.
नेपाळ: अक्षरं देवनागरी, म्हणून घाईत आपलंच वाटतं. साल विक्रम संवतातलं, ५७ वजा करा. २०५१ म्हणजे १९९४. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा दर १९९३ पासून बांधलेला आहे, म्हणजे त्यांचा रुपया घेतलात तर साडेसदतीस पैसे गेले.
थायलंड: ५४३ वजा.
आखात: अरबी आकड्यांत गोल दिसतो तो ५, शून्य म्हणजे नुसता ठिपका, उलटा व्ही म्हणजे ८. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १४२८ चं २००७ येतं. दिरहम २४ मिमीचा आहे, रुपया-दोन रुपयांच्या गठ्ठ्यात सहज लपतो.
पैसे बदलणारे नाणी घेत नाहीत, तेव्हा किंमत काढत बसू नका.

म्हापशेकार
गोव्यात ब्रिटिश पेनी येतात. दिसायला तांब्याच्या, पण सप्टेंबर १९९२ पासून आत पोलाद आहे, चुंबकाला चिकटतात. लोहचुंबकरावांच्या परातीतून निसटणार. जुना गोल पौंड ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला, तो कुणी नोटेच्या भावात देऊ केला तर घेऊ नये.

सराफ_कट्टा
काटा असता तर पेनी लगेच कळली असती.

हिरवट_डाग
ठेवण्याबद्दल. मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे असलेला अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसी असतं, दोन पावसाळ्यांत तांबे-निकेलवर हिरवा चिकट थर येतो. डाग ताजा असेल तर निघतो: काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे), नाणं दहा मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा, सुती कापडावर टेकवून वाळवा. पुसायचं नाही. खिडकी उघडी, जवळपास गॅस-उदबत्ती नको.
पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या, मायलरच्या (पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) खिडकीच्या. पिना मारल्यावर पकडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे. अकरा कोनी दोनला २७.५ मिमीची खिडकी बसते.

चकचकीत
चिंच-मीठ लावा, नव्यासारखं होतं.

हिरवट_डाग
होतं, आणि संग्राहकाच्या दृष्टीने संपतं. आम्ल वरचा थर खातं, भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात.

टांकसाळवाला
पीव्हीसी नको हे मीही सांगणार होतो.

उलटा_साचा
चुकीच्या छपाईची नाणी फुकट शोधता येतात. एक बाजू सरळ दिसेल असं नाणं वरच्या-खालच्या कडेला चिमटीत धरा. आता त्याच उभ्या अक्षावर फिरवा. मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. पाच-दहा अंश फिरलेली खूप असतात, सोडून द्या. नव्वद-एकशेऐंशी असेल तर ठेवा.
चंद्रकोरीसारखा तुकडा कापलेलं नाणं मिळालं तर समोरच्या कडेची किनार बघा. टांकसाळीतच कापलं गेलं असेल तर ती तिथे बहुधा फिकट असते, कारण किनार उठवताना तिथे दाब मिळत नाही. किनार ठसठशीत असेल तर कुणीतरी कानस चालवली असण्याची शक्यता जास्त. दहाच्या नाण्याचा मधला भाग उलटा बसवलेलाही विकतात, सांध्यावर ठोकल्याच्या खुणा असतात.

किराणा_कोथरूड
सर्वांचे आभार. ठरलं ते असं. भिंग घेत नाही, मुलाच्या मोबाईलचा कॅमेरा मोठा करून चौकट आणि चांदणी दिसते आहे, आत्ताच पाहिलं. काटा घेत नाही, समोर सोनार आहे. चुंबकही नको, हाताने निवडतो. परदेशी नाणी बरणीत. फक्त अकरा कोनी दोन रुपये गोळा करणार, सालवार आणि टांकसाळवार. पुठ्ठ्याच्या शंभर चौकटी मागवल्या, २७.५ च्या, आणि पिना चपट्या करायला पक्कड आहे.

सराफ_कट्टा
सोनाराचा काटा महिन्यातून एकदा तरी तपासून घ्या.

लोहचुंबक
हाताने तीनशे नाणी? पंधरा मिनिटांत?

अकरा_कोनी
२००० सालचं जास्तीचं आलं तर कळवा, बदलीत १९९४ चं देतो.