फेसबुकवरची कथा: कथा की नुसती पोस्ट?

गवाक्ष:
चार वर्षं फेसबुकवर कथा लिहिल्या, गेल्या महिन्यात थांबलो. एका क्रमशः कथेच्या सातव्या भागात म्हाताऱ्या काकूंना मारायचं होतं, सगळी कथाच त्या मरणावर उभी होती. सहाव्या भागाखाली साठेक जणांनी 'काकूंना काही करू नका हां' म्हणून हात जोडले. मी विरघळलो. लाइक दुप्पट आले, पण पुढे काकूंचं करायचं काय तेच कळेना. शेवटी त्यांना काशीयात्रेला धाडलं.

दुसरं दुखणं म्हणजे ते 'अधिक पाहा'. चार ओळींत मजकूर दुमडतो, म्हणून जो तो पहिल्याच ओळीत मढं पाडतो. संथ सुरू होणारी कथा तिथे उघडतच नाही कोणी. माझं मत झालंय की हे माध्यम कथेचं नाही.

टाकबोरू:
असहमत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशःच छापली. मराठी कादंबरी हप्त्याहप्त्यानेच मोठी झाली की! आणि काकूंचं म्हणाल, तर इंग्रज कादंबरीकार डिकन्सलाही लोकांनी पत्रं लिहिली होती, क्रमशः कादंबरीतल्या छोट्या नेलला मारू नका म्हणून. त्याने १८४१ मध्ये मारलीच. कच खाल्लीत तुम्ही, आणि खापर फेसबुकवर?

गवाक्ष:
पत्र टपालाने यायचं हो. इथे भाग टाकून चहा टाकेपर्यंत बारा अंगठे आलेले असतात. अंगठे आले नाहीत, तर तो चहा कडू लागतो, ते वेगळंच. शिवाय हरिभाऊ स्वतःच संपादक होते. माझा संपादक कोण? 'मस्त, पु.ले.शु.' (पुढील लेखनास शुभेच्छा) म्हणणारा?

चुलीपाशी:
दादा, तुम्हाला संपादक हवाय, मला तो कधी भेटलाच नाही. पाच वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवल्या, साधी पोचसुद्धा आली नाही. आता रात्री भांडी आवरली की फोनवरच लिहिते. एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर लेक झोपलेली असते.

आणि संपादन होत नाही असं कसं म्हणता? मी माहेरची कोकणातली, दिलेली निफाडकडे. कथेत द्राक्षबागेची खरड छाटणी दिवाळीच्या तोंडावर घातली होती. अर्ध्या तासात तिघांनी सांगितलं, 'ताई, खरड एप्रिलात. ऑक्टोबरात असते ती गोडी छाटणी.' पुण्यामुंबईच्या कुठल्या संपादकाने हे पकडलं असतं?

टाकबोरू:
+१

पोस्टमन:
चुका सापडतात, मान्य. पण लेखक हरवतो त्याचं काय? माझी लघुकथा मागच्या पावसाळ्यात मावशीने मलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खाली नाव 'व. पु. काळे', वर मावशीचं 'किती छान लिहायचे ना!' मी म्हटलं, अगं, ही माझी आहे. तर म्हणते, 'चल, काहीतरीच!'
२०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाचाची मर्यादा आली म्हणतात. आमच्या मावशीला पाच भरपूर होतात.

चुलीपाशी:
व.पुं.च्या नावावर खपली म्हणजे कथा बरी असणार! पण खरंय. मी आता पात्राच्या तोंडीच स्वतःचं आडनाव घालते, कापणाऱ्याला निदान शोधावं तरी लागतं.

गवाक्ष:
ही युक्ती आवडली. छाटणीचंही पटलं. तरी मला वाटतं, ताई, तुमचे वाचक माहिती दुरुस्त करतात. 'हा परिच्छेद काढ, कथा इथेच संपलीय' असं कोणी म्हटलंय का कधी?

चुलीपाशी:
नाही म्हटलं अजून. एकदा नणंद म्हणाली होती, पण तिला कथेतली नणंद झोंबली होती.

पोस्टमन:
ते सगळं राहू द्या. काकू काशीहून परतल्या का? पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)