मदत हवी आहे: गंजलेला मागील अ‍ॅक्सल घरी बदलणे शक्य आहे का?

नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यात, मोरजीच्या किनाऱ्याजवळ राहतो. गाडी 2011 सालची पेट्रोल हॅचबॅक असून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते; मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा, पीळ खाणारा आडवा बीम; हाच मागचा अ‍ॅक्सल) आणि ड्रम ब्रेक आहेत, एबीएस नाही. मागच्या डाव्या टायरची आतली कड झपाट्याने झिजू लागली म्हणून गाडी उचलून पाहिली, तेव्हा बीमला डाव्या चाकाकडचा हात (चाक धरणारा दांडा) जिथे जोडलेला असतो तिथला पत्रा गंजून पापुद्रे सुटत असल्याचे आढळले. खारा वारा आणि आमचा पावसाळा लक्षात घेता यात नवल काही नाही.

एका गॅरेजमध्ये वेल्डिंगचा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही, कारण प्रत्येक खड्ड्यात पीळ खाणे हेच ज्या भागाचे काम, त्याला ठिगळ लावले तर भेग ठिगळाच्या कडेलाच पडणार. बेळगावला एका सुट्या भागांच्या दुकानात याच मॉडेलचा जुना, पण जवळजवळ गंजरहित अ‍ॅक्सल मिळत आहे. ब्रेकचे लायनर बदलणे, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणे ही कामे मी घरी करतो. अ‍ॅक्सल मात्र कधी उतरवलेला नाही. बुशचे (अ‍ॅक्सल बॉडीला जोडणाऱ्या रबरी सांध्यांचे) दोन मुख्य बोल्ट इतके गंजलेले आहेत की ते तुटतील अशी भीती वाटते. ते गॅस टॉर्चने तापवावेत का? अंगण चिऱ्याच्या मातीचे आहे, तिथे गाडी उचलणे सुरक्षित आहे का? आणखी काय ध्यानात ठेवावे?

प्रतिसाद:

वेल्डिंगला नकार दिलात हे योग्यच केलेत. टॉर्च मात्र मुळीच वापरू नका. अशा गाड्यांत पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या आसनाखाली, म्हणजे त्या बोल्टांच्या अगदी शेजारी असते, आणि बुशचे रबरही पेट घेते. गंज सोडवणारे तेल काही दिवस आधीपासून रोज मारा. खरी अडचण बोल्ट तुटण्याची नसून दुसरीच आहे: बोल्टाचा दांडा बुशच्या आतल्या नळीत गंजाने चिकटतो, आणि अनेक गाड्यांत नट बॉडीच्या कंसात आतून वेल्ड केलेला असल्यामुळे जोर लावताना तो सुटला, तर बोल्टाबरोबर नुसता फिरत राहतो. म्हणून बोल्ट एकदम न ओढता थोडा सैल, थोडा घट्ट असे करत काढा. नवे बुश आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

मातीच्या अंगणात हे काम करू नका, स्टँड रुततात. काँक्रीटची जागा शोधा. मागची चाके उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो त्याच चाकांना लागतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढण्यापूर्वी बीमखाली जॅक असलाच पाहिजे. तो हळूहळू उतरवत स्प्रिंग पूर्ण सैल झाल्यावरच बाहेर काढा.

ब्रेकच्या पाइपांचे नट मऊ असतात आणि साध्या पान्याने त्यांचे कोपरे झिजतात, म्हणून त्यांचा खास पाना घ्या. तरीही पाइप पिळला गेला तर तो नवाच घाला. ब्रेक ऑइल नुकती उघडलेली बाटलीच वापरा; ते हवेतली ओल शोषते आणि गोव्यात हवेत ओल किती असते हे तुम्हाला सांगायला नको.

सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट अशी: बुशचे बोल्ट चाके अधांतरी असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडीचा भार चाकांवर येऊन ती नेहमीच्या उंचीवर बसली की मगच मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या ठरलेल्या जोराप्रमाणे) आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. त्यासाठी मागची चाके रॅम्पवर घ्यावी लागतील.

शेवटी चारही चाकांचे अलाइनमेंट मोजून घ्या. अशा बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांचा कोन जुळवता येत नाही, तो फक्त मोजता येतो, आणि माप मर्यादेबाहेर आले तर विकत घेतलेला बीमच वाकलेला असण्याची दाट शक्यता असते. म्हणून बेळगावच्या दुकानदाराकडून वाकलेला माल परत घेण्याचे आधीच कबूल करून घ्या, आणि तेही बिलावर लिहून.