सारख्याच किमतीच्या गिटारींतून तुम्ही एक कशी निवडलीत? (अनुभव)

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. गेले वर्षभर ती शिकवणीतल्या गिटारीवर शिकते आहे आणि आता तिला स्वतःची गिटार घेऊन द्यावी असे आम्ही ठरवले आहे. गेल्या रविवारी पुण्यातल्या एका दुकानात गेलो, तेव्हा आमच्या ऐपतीत बसणाऱ्या तीन गिटारी समोर आल्या: यामाहाची एफ ३१०, कॉर्टची एडी ८१० आणि फेंडरची एफए १२५. किमतींत फारसे अंतर नव्हते. माहिती शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर तिन्हींची वरची फळी थर चिकटवून केलेल्या स्प्रूस लाकडाची आणि तिन्हींच्या नटची, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी ४३ मिलिमीटर. पाठीचे लाकूड कॉर्टमध्ये महोगनी, फेंडरमध्ये बासवुड, तर यामाहाच्या पत्रकात नुसतेच ‘स्थानिक लाकूड’. तारेची वाजती लांबी, म्हणजे स्केल, यामाहाची ६३४ मिलिमीटर आणि उरलेल्या दोघींची ६४३.

दुकानदार म्हणाले, “ताई, तिन्ही चांगल्या आहेत, कोणतीही घ्या.” ते खरेही असेल, परंतु घरी आल्यावर आमचा पेच तसाच राहिला. ज्यांनी अशा अगदी सारख्या दिसणाऱ्या स्वस्त गिटारींतून निवड केली आहे त्यांनी ती कशाच्या आधारावर केली, आणि वर्ष-दोन वर्षे वाजवल्यावर ती कशी ठरली, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

ठाणे

मी २०१९ साली याच पेचात होतो आणि दोन कंपन्यांच्या दोन मॉडेलांमध्ये अडकलो होतो. दुकानात मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. दोन कंपन्यांच्या गिटारींत जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक एकाच मॉडेलच्या दोन नगांत होता. तेव्हापासून मी कोणालाही मॉडेल सुचवत नाही. नग तपासून घ्या एवढेच सांगतो.

मी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी सोबत नेली होती. बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. यालाच ॲक्शन म्हणतात. पहिल्या नगात ते जवळजवळ ३.३ मिलिमीटर भरले, दुसऱ्यात २.६. नवशिक्याला जाड तारेखाली अडीच आणि सर्वांत बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असले की बोटे फार दुखत नाहीत. त्यानंतर सहाही तारांवर पहिल्या फ्रेटपासून विसाव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सावकाश वाजवून पाहिला. एकूण १२० स्वर होतात आणि दहा मिनिटांत काम संपते. दुसऱ्या नगाची ॲक्शन छान होती, परंतु दुसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला स्वर झणझणत होता, कारण दहावा फ्रेट किंचित वर आलेला होता. दुकानदारांना विनंती केल्यावर त्यांनी खोक्यातून तिसरा नग काढून दिला. त्याची ॲक्शन ३ मिलिमीटर होती, परंतु १२० स्वरांपैकी एकही खराब नव्हता, म्हणून तोच घेतला.

ॲक्शन नंतर कमी करून घेता येते. ब्रिजवरची (डब्यावर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालच्या बाजूने घासतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. सेटअपसाठी, म्हणजे अशा जुळवणीसाठी, मी ७०० रुपये दिले. गिटारीसाठी जी रक्कम ठरवली असेल, तिच्यातून एवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

नाशिक

मी वीस वर्षे मुलांना गिटार शिकवते आहे, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर येतो. पालक लाकडाविषयी आणि कंपनीविषयी विचारतात. मी आधी मुलाला खुर्चीवर बसवते, गिटार मांडीवर देते आणि त्याचा उजवा खांदा पाहते. मोठ्या खोलगट डब्याच्या गिटारीवर हात टाकताना लहान मुलांचा खांदा कानापर्यंत वर जातो. तसे झाले तर ती गिटार कितीही चांगली वाजत असली तरी सहा महिन्यांत कोपऱ्यात उभी राहते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

स्केलमधला फरक पत्रकात किरकोळ दिसतो, हातांना मात्र तो कळतो. यामाहाच्याच एफजी ८०० आणि एफएस ८०० या दोन गिटारी पाहा. दोन्हींची वरची फळी अखंड स्प्रूसची आहे, परंतु पहिलीचे स्केल ६५० मिलिमीटर आणि डबा मोठा, तर दुसरीचे ६३४ आणि डबा आटोपशीर. तार तीच आणि स्वरही तोच ठेवला तर ६३४ च्या गिटारीवर ताण सुमारे पाच टक्क्यांनी कमी पडतो आणि पहिल्या फ्रेटचे अंतर ३६.५ ऐवजी ३५.६ मिलिमीटर येते. एफ कॉर्ड (पहिल्या फ्रेटवर एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा स्वरसमूह) धरताना कळवळणाऱ्या मुलाला ही सवलत मोठी असते. तुमच्या मुलीचे हात लहान असतील तर तीन गिटारींपैकी ६३४ ची आधी वाजवून पाहावी, असे मी सुचवेन. त्याशिवाय दुकानातून आलेल्या तारा १२ च्या (म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) असतील तर ११ च्या किंवा १० च्या लावून घ्याव्यात.

एक चूक मात्र फार होते, म्हणून तीही लिहिते. नायलॉनच्या तारा मऊ असतात असे ऐकून पालक क्लासिकल गिटार आणतात. यामाहाची सी ४० ही गिटार म्हणून उत्तमच आहे, परंतु तिचा नट ५२ मिलिमीटर रुंद आहे आणि लहान मुलांचा अंगठा मागून पुरत नाही. पुढे चित्रपटगीतांचे स्ट्रमिंग करायचे म्हणून काही जण त्याच गिटारीला स्टीलच्या तारा चढवतात आणि काही दिवसांत ब्रिज उखडून येतो. असे कृपया कोणी करू नये.

डोंबिवली

आम्ही दोघांनी निवड केवळ कानांनी केली. यजमानांनी दुकानात पाठ फिरवून बसायचे आणि मी तिन्ही गिटारींवर जी, सी, डी हेच कॉर्ड त्याच पिकने वाजवायचे, असे ठरवले. तीन फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांत त्यांनी जिला पसंती दिली, ती किमतीने सर्वांत कमी होती. एक सावधगिरी मात्र बाळगावी. तिन्हींच्या तारा सारख्याच ताज्या आहेत ना, हे आधी पाहावे. दुकानात महिनोन्महिने टांगलेल्या गिटारीच्या तारा गंजलेल्या असतात आणि चांगला डबाही मंद वाटतो. आम्ही पहिल्या वेळी हे पाहिले नव्हते, म्हणून पुन्हा गेलो.

मिरज

आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आम्हा सर्वांना आहे. त्याच घरात घडलेले कान घेऊन मी गिटार घ्यायला गेलो होतो, आणि ते कान मला चुकीच्या गिटारीकडे नेत होते.

तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा आम्ही अगदी अल्प उतार देऊन घासतो, म्हणजे कंप पावणारी तार घोडीला हलकेच शिवत राहते आणि स्वर फुलत जातो. ही जवारी. ती उघडण्यासाठी तारेखालचा दोरा केसभर मागे-पुढे करीत आम्ही तासन् तास बसतो. दुकानात दोन गिटारी हातात घेतल्या तेव्हा एकीच्या मोकळ्या तारेत मला तसलाच गोडवा ऐकू आला आणि मी तीच घेण्याचे नक्की केले. सोबत आलेल्या मित्राने मला थांबवले. त्याने तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली आणि पहिल्या फ्रेटवर पाहायला सांगितले. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात केसभर तरी फट हवी होती, ती नव्हती. नटची खाच गरजेपेक्षा खोल कापली गेली होती, त्यामुळे मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासत होती. तंबोऱ्यात आम्ही जे मेहनतीने घडवतो, तेच गिटारीत दोष असते.

दुसऱ्या गिटारीचा स्वर मला कोरडा वाटला होता, ॲक्शनही उंच होती. तरी तीच घेतली. उंच असलेले घासून कमी करता येते, खोल गेलेली खाच मात्र भरावी लागते किंवा अख्खा नट बदलावा लागतो. हे तर आमच्याही कामातले गणित आहे. तिचे सॅडल मी घरीच घासले. आज चार वर्षांनी त्या कोरड्या वाटलेल्या आवाजाची मला गोडी लागली आहे, कारण प्रत्येक स्वर वेगळा आणि स्वच्छ ऐकू येतो.

रत्नागिरी

थरांची फळी की अखंड फळी, हा प्रश्न कोकणात निराळ्या रीतीने सोडवावा लागतो. मी थोडे अधिक पैसे घालून अखंड स्प्रूसची गिटार घेतली, माझ्या भावाने थरांची. दुकानात खात्री करण्याची सोपी रीत म्हणजे आवाजाच्या भोकाची कड निरखणे: वरून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा कडेतून तशाच आत उतरत असतील तर फळी अखंड, आणि कडेत आडवे थर दिसले तर चिकटवलेली.

आवाजात फरक निश्चित आहे. हलक्या बोटाने छेडले तरी माझ्या गिटारीचा स्वर भरून येतो आणि दोन वर्षांत तो अधिक मोकळा झाला आहे. परंतु पहिल्याच जुलैत, खोलीतली आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर असताना, फळी पाणी ओढून ब्रिजमागे फुगली आणि ॲक्शन २.५ वरून ३.१ मिलिमीटरवर गेली. मी घाबरून सॅडल घासून घेतले. डिसेंबरात फळी पुन्हा खाली बसली आणि सगळ्या तारा फ्रेटवर झणझणू लागल्या. आता माझ्याकडे दोन सॅडल आहेत, एक पावसाळ्याचे आणि एक हिवाळ्याचे. गिटार कडक पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते आणि पेटीत आर्द्रतामापक आहे. अखंड फळीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे पावसाळ्यात तेवढी राखणे हे रोजचे काम आहे. भावाची गिटार सहा वर्षे भिंतीवर टांगलेली आहे आणि तिच्या ॲक्शनमध्ये जेमतेम फरक पडला आहे. मला माझी निवड पुन्हा करायची झाली तर तीच करेन, परंतु घरात लहान मूल वाजवणार असेल आणि गिटार पलंगावर पडून राहणार असेल, तर थरांची फळी घेण्यात कमीपणा मानू नये.

नागपूर

आमचा त्रास उलटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या हवेने फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. म्हणून खरेदी करताना नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, दोन्ही कडांवरून तळहात वर-खाली फिरवून पाहावा. जिची टोके दुकानातच खरखरीत लागली, ती मी सोडली. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार कधीही ठेवू नये, डिंक सैल होतो.

सातारा

माझा अनुभव चुकलेल्या निवडीचा आहे, परंतु तो उपयोगी पडेल असे वाटते. दोन गिटारींपैकी एकीसोबत पिशवी, पट्टा, कॅपो, पिक आणि तारांचा जादा संच मिळत होता, शिवाय ती स्वस्त होती, म्हणून मी ती न वाजवताच घरपोच मागवली. तिच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी धातूची सळई, नव्हता, हे मला उशिरा कळले. १२ च्या तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या आसपास असतो. तो अहोरात्र सोसून आठ महिन्यांत नेक पुढे वाकला आणि वाकलेला नेक सरळ करायला आत काहीच नव्हते. बाराव्या फ्रेटचा स्वर त्याच जागच्या हार्मोनिकशी (तार न दाबता तिथे हलकेच बोट टेकवून काढलेल्या स्वराशी) जुळेना, म्हणजे मोकळे कॉर्ड सुरेल आणि वरचे बेसूर. माझा मुलगा समजत होता की त्याचेच बोट चुकते आहे, आणि याचे मला आजही वाईट वाटते. सोबतच्या वस्तू मोजू नका. ट्रस रॉड आहे का ते विचारा, आणि बाराव्या फ्रेटची ही परीक्षा दुकानातच करा. मोबाइलवरचा ट्यूनर त्यासाठी पुरेसा आहे.

पुणे, पुन्हा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल स्टीलची पट्टी घेऊन आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि सव्वा तास थांबलो. खांद्याची परीक्षा आधी केली. तिन्ही डबे मोठेच असल्यामुळे तिथे निकाल लागला नाही, परंतु एफ कॉर्ड मुलीला एफ ३१० वर सर्वांत आधी जमला. तिचा पहिला नग तेराव्या फ्रेटला झणझणत होता. दुसरा नग १२० स्वरांत स्वच्छ निघाला, नटजवळ केसभर फट होती आणि ॲक्शन २.९ मिलिमीटर भरली. एडी ८१० चा खर्ज मला स्वतःला अधिक आवडला होता, हे मान्य करते. परंतु वाजवायचे मुलीला आहे. दुसरा नग घेतला, ११ च्या तारा लावायला आणि सॅडल घासायला तो तिथेच ठेवून आलो आहोत. शनिवारी मिळेल.