प्रतिसाद: पडदा नुसती भिंत नाही

वर एकांनी लिहिलंय की मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) स्निग्ध पडदा म्हणजे नुसती भिंत, कोएन्झाइम क्यूशी (पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूशी) त्याचा काय संबंध? संबंध बराच आहे. क्यू बनवणारी बरीचशी प्रथिनं आतल्या पडद्याला चिकटून एकत्र काम करतात. त्यातल्या सीओक्यू८ या प्रथिनाला तर पडद्यातलं कार्डिओलिपिन नावाचं स्निग्ध द्रव्य चेतवतं. शिवाय क्यूच्या मेथिलेशनला (मेथिल गट जोडायला) लागणारं एसएएम, म्हणजे तो गट पुरवणारा रेणू, पडद्यातलं फॉस्फॅटिडिलकोलिन हे स्निग्ध द्रव्य बनवतानाही खर्च होतं.

पेशीत क्यू बनतंय का, याचा पडताळा सोपा: क्यू नसलेलं यीस्ट ग्लुकोजवर वाढतं, ग्लिसरॉलवर मात्र अडतं, कारण तिथे श्वसनाशिवाय गत्यंतर नाही. यीस्ट वाढवायच्या प्लेटा ३० अंश सेल्सिअसवर ठेवायच्या. आमच्या नागपुरात मे महिन्यात त्यासाठी इनक्युबेटर तापवायचा नाही, थंड करायचा असतो!

आणि हो, यीस्टचं क्यू६, माणसाचं क्यू१०. फरक रेणूच्या शेपटीच्या लांबीचा.