पणजीत सायकलसाठी ट्रॅक हवा की गाड्यांना लगाम?

सांतिनेजकर:
सायकलचा विषय निघाला की पणजीत लगेच ट्रॅकची मागणी होते. मला वाटतं, आधी शहरातल्या आतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणा आणि ती पाळायला लावा. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीची धडक ३० च्या धडकेपेक्षा जवळपास पावणेतीन पट ऊर्जेची असते. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे; २०२५ च्या जुलैपर्यंतच्या वर्षभरात तिथे रस्ता अपघातात एकही माणूस दगावला नाही. पणजीतल्या मळा भागातल्या गल्ल्यांत ट्रॅक मावणारच नाही. गाड्या हळू चालल्या तरच तिथली आठवीतली मुलगी सायकलने शाळेत जाईल.

पर्वरीकर:
हेलसिंकी सोडा. इथे पाटी बघून कोण ब्रेक दाबतो? मी पर्वरीहून कामाला येतो. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी, आणि जुन्या मांडवी पुलावर बस अगदी खांद्याला घासून जाते. तिथे मला गाड्या आणि सायकलींच्या मध्ये भक्कम कठडाच हवा. तोवर बेतीला जाऊन फेरीबोट धरणं बरं.

अठरा जून रस्त्यावरचा दुकानदार:
पार्किंग काढलं की आमचं गिऱ्हाईक गेलं. जून ते सप्टेंबर पाऊस, एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा. चार जणांच्या हौसेसाठी रस्ता अडवू नका. पुण्यात ट्रॅक बांधले, त्यांवर स्कूटरी उभ्या राहिल्या.

रायबंदरकर:
हौस कसली? पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर हौसेने सायकल मारतो का? हॉटेलच्या स्वयंपाकघरातला पोऱ्या मध्यरात्री सुटतो, तेव्हा बस नसते. ही माणसं आजही भर पावसात सायकलवरच असतात, फक्त सभेत बोलायला येत नाहीत. त्यांच्या जिवाचा हिशेब कुणी मांडत नाही, याचा मला फार राग येतो.

उन्हाचं म्हणाल तर सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. तिथे २००६ नंतर थोड्याच वर्षांत ८० किलोमीटरहून मोठं सायकलमार्गांचं जाळं झालं आणि सायकली कितीतरी वाढल्या. ते सलग होतं, पुण्यात तुकडे होते.

आमचा रायबंदरचा कॉजवे, म्हणजे पणजीला जोडणारा बांधावरचा रस्ता, बघा. १६३० च्या दशकातला, तीनेक किलोमीटर, चढ नाही, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. सायकलसाठी याहून सोपी वाट पणजीला नाही. पण रुंदी कमी, आणि रुंदीकरणासाठी मिठागरं बुजवायला माझा ठाम विरोध आहे. तिथे वेग उतरवणं हाच उपाय.

दुकानदार:
कामगारांचं पटलं. रस्त्यावर दिवे लावा, मी सही करतो. पण माल उतरवायला टेंपो कुठे लावू? त्याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.

सांतिनेजकर:
टेंपोला सकाळची वेळ आणि ठरलेली जागा द्यावी. हटवायची ती सकाळी लावून संध्याकाळी काढतात ती गाडी. तिच्यामुळे तुमच्याच गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही. पर्वरीकर, पुलाचं तुमचं म्हणणं मान्य: पुलावर आणि हमरस्त्यावर कठडा, शहरात वेगमर्यादा.

पर्वरीकर:
मग शहरातही नुसत्या पाट्या नकोत. शाळेसमोरचा क्रॉसिंगचा भाग फूटपाथच्या उंचीला आणा, कोपऱ्यावरची वळणं आवळा. पोलीस नसला तरी गाडी हळू घ्यावीच लागेल. एवढं होणार असेल तर मी तुमच्या बाजूने.