मदत हवी आहे: बारावी कॉमर्स, ११ महिने सरकारी प्रशिक्षण, आता आयटीआय की रिवाइंडिंगचं दुकान?

मंडळी, जरा लांबलंय, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

माझा भाचा २१ वर्षांचा. भाऊ पलूस तालुक्यात, थोडी द्राक्षबाग, थोडा ऊस. पोराची दहावी २०२० ची, म्हणजे कोरोनामुळं भूगोलाचा पेपर न देताच पास झालेली बॅच. त्या वर्षी बोर्डाच्या कल चाचणीत त्याचा कल 'तांत्रिक' आला होता. वहिनीनं त्या निकालाची प्रिंट काढून लॅमिनेट केली, आणि पोराला कॉमर्सला घातलं. का, तर कॉलेज जवळ. बारावी झाली, बी.कॉम.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडलं.

२०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पास म्हणून महिना ६,००० रुपये. आधी सहा महिने, मग मुदत वाढून अकरा. त्याला एक सरकारी कार्यालय मिळालं. झेरॉक्स काढणं, रजिस्टरला दोरा ओवणं, फॉर्मला आधारच्या प्रती टाचणं, हे काम. एकदा तिथली बोअरची मोटर बंद पडली. वायरमनला चार फोन झाले, तो काही येईना. ह्यानं स्टार्टर उघडला, तर कॉन्टॅक्ट काळे पडलेले. पॉलिश पेपरनं घासले, ओव्हरलोडचं सेटिंग बघितलं, मोटर सुरू. नंतर दोन साहेबांच्या घरच्या मोटरीही त्यानंच बघितल्या. कामाच्या वहीत मात्र अकराही महिने 'डेटा एन्ट्री'.

आता तो गावाजवळच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडं बसतो. मी जाऊन बघून आले. जळालेली मोटर आली की आधी जुने वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, डायरीत लिहायचं, मगच तार कापायची. स्लॉटमध्ये पेपर घालून नवी तार बसवताना बोटं चिरतात. पोरगं म्हणतं, "आत्ती, वेढा एक जरी चुकला तरी मोटर सांगते." आमच्याकडं विहीर, नदी, बोअर सगळीकडं मोटरी, त्यात शेतीची लाईट कधी रात्रीची, व्होल्टेज कमी-जास्त. काम बारा महिने आहे.

घरात दोन पक्ष. दादा म्हणतो, "थांब, योजनेतल्या पोरांना सरकार कायम करणार, आंदोलनं चाललीत." पोरगं म्हणतं दुकान टाकतो. मी म्हणते हात चांगला आहे, पण कागद पाहिजे. तर वयाच्या एकविसाव्या वर्षी आयटीआयला घेतात का? बारावीची वर्षं पाण्यात गेली का? आणि दोन वर्षं सोळा वर्षांच्या पोरांत बसण्यापेक्षा थेट कारखान्यात अप्रेंटिस होता येतं का?

प्रतिसाद १

ताई, मी आयटीआयला निदेशक होतो. घेतात. कमाल वयाची अट नाही, माझ्या वर्गात बी.ए. झालेलेही होते, आणि तेच वेळेवर यायचे. प्रवेश दहावीच्या गुणांवर लागतो, त्यामुळं बारावी कॉमर्स आडवी येत नाही, उपयोगीही पडत नाही. इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीला गणित-विज्ञान लागतं. त्यात वाइंडिंग शिकवतात, म्हणजे ह्याचं निम्मं आधीच झालंय. गुण कमी असतील तर वायरमन भरा. फॉर्म ऑनलाइन, साधारण दहावीच्या निकालाच्या सुमाराला. खाजगी आयटीआय घेतली तर त्या ट्रेडला एनसीव्हीटीची, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का ते आधी बघा. नाहीतर महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीत तो कागद चालणार नाही.

थेट अप्रेंटिस होता येतं, पण आयटीआय करून गेलेल्याला बरं काम देतात, नवख्याला हेल्परसारखं वापरतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. कुपवाड, मिरज एमआयडीसीत चौकशी करा. तुमच्या तालुक्यात तर १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे, पंप म्हणजे काय ते तिथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

दादांना सांगा, योजनेतलं ते प्रशिक्षण होतं, नेमणूक नव्हती. त्यातून मिळालं तर नशीब, पण त्यावर वर्ष घालवू नका.

प्रतिसाद २

माझं तासगावात रिवाइंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं. कागद नाही, धंदा आहे. पण साखर कारखान्याची मोठी मोटर आली की मला विचारत नाहीत, परवानावाला मागतात. तिथं हात कितीही बसला असू दे, दारातनंच परत. पोराला आयटीआय करू द्या, पण संध्याकाळी दुकानात बसूच द्या. दोन वर्षं तारेला हात लावला नाही तर बोटं विसरतात. आणि दोन वर्षांची आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे त्याला आताच सांगू नका, आधी पहिलं तरी पूर्ण करू दे!

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. कायम करण्याचं ऐकून थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "फॉर्म भरायला काय पैसे पडतात?" म्हणजे होकार समजायचा.

पण एक नवीन लचांड. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं मूळ गुणपत्रक त्या बी.कॉम.च्या कॉलेजात अडकलंय. उरलेली फी भरल्याशिवाय देत नाहीत म्हणे. पोरानं हे आजवर घरात सांगितलंच नव्हतं. अर्धवट सोडलेल्या वर्षाची पूर्ण फी मागता येते का? कुणी असं सोडवून आणलंय का? सोमवारी मी स्वतः जाणार आहे, त्याआधी कुणाला माहीत असेल तर लिहा.