ट्यूबलेस टायरमधलं वाळलेलं सीलंट: किती काढायचं आणि कशानं?

होटगीरोड२९

एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) आहे, टायर २९ × २.२५, ॲल्युमिनियमची रिम, आतली रुंदी २५ मिमी. दिवाळीच्या सुमारास लेटेक्सचं सीलंट (आतून छिद्रं बुजवणारा द्रव) भरलं होतं, आता मे उजाडला. मागच्या चाकात रात्री २६ पीएसआय भरली तर सकाळी १० च्या आसपास उरते. टायर एका बाजूनं उघडला. आत थेंबभरही ओलं नाही. बाजूंना पिवळसर पापुद्रा चिकटलाय, मधे रबराच्या गोळ्या गडगडतायत, आणि रिमच्या कडेला काळ्या मातीसकट घट्ट थर बसलाय. तीन-चार स्पोकच्या निपलपाशी (स्पोक रिमला आवळणारं छोटं नट) पांढरी भुकटीही दिसते.

विचारायचंय ते असं: पापुद्रा पूर्ण काढावाच लागतो का? एका दुकानात रॉकेलनं पुसा म्हणाले, ते चालेल का? रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणारी टेप बदलावी का? आणि घरी नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे बादल्या भरभरून धुणं जमणार नाही.

निपलपाना

रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही टायरला लावू नका. लेटेक्स त्यानं विरघळून निघत नाही, फुगतं आणि चिकट लगदा होतो. सोबत टायरचं रबरही फुगतं, आणि उरलेला तेलकटपणा नव्या टेपचा गोंद धरू देत नाही. म्हणजे सीलंट तर राहतंच, वर गळती वाढते.

लेटेक्स सीलंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण, ग्लायकोल आणि भोकात अडकणारी भरड. पाणी टायरच्या भिंतीतून हळूहळू उडून जातं, कण एकमेकांना चिकटतात आणि त्याचं सलग रबर होतं. एकदा तसं झालं की ते पाण्यात परत मिसळत नाही. म्हणून सीलंट काढायच्या सोयीच्या वेळा दोनच: अजून पातळ असताना पाण्यानं, किंवा पूर्ण वाळल्यावर सोलून. अर्धवट ओलं असेल तेव्हा हात लावू नये, ते नुसतं पसरतं आणि बोटांना चिकटतं. तुमचं वाळलेलंच आहे, तेव्हा पाण्याचा प्रश्न बराचसा मिटला.

क्रम असा ठेवा. व्हॉल्व्हचा कोअर (आतला, फिरवून निघणारा भाग) काढून हवा पूर्ण सोडा. टायरच्या दोन्ही कडा अंगठ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग टायर हातानं निघतो. लोखंडी लिव्हर लावू नका, टेप फाटते. टायर उलटा करून सुट्या गोळ्या झटकून टाका. पापुद्र्याचं एक टोक नखानं उचला आणि अंगठा दाबून पुढे पुढे चोळत जा. पापुद्रा वळकट्या होऊन सुटतो. निघालेल्या रबराचा गोळा करून तोच पुन्हा भिंतीवर घासा, बाकीचं त्याला चिकटून येतं. जिथं सुटत नाही तिथं कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल पंधरा-वीस मिनिटं दाबून ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको. टायरच्या आतला पातळ थर हवा धरून ठेवतो, तो तारेनं ओरखडतो.

एका टायरला तांब्या-दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. आतला पातळ, एकसारखा पापुद्रा राहिला तरी काही बिघडत नाही, उलट भिंतीची बारीक छिद्रं त्यानंच बुजलेली असतात. टायरची जी कड रिमला टेकते ती आणि रिमची ती कड जिथं तिला आधार देते ती जागा, या दोन मात्र पूर्ण स्वच्छ हव्यात. तुमची हवा बहुधा तिथूनच जातेय. काळ्या मातीची भुकटी आणि सीलंट मिळून तिथं जो थर होतो तो कुठं जाड असतो, कुठं पातळ. टायर सगळीकडून सारखा बसतच नाही. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि थोडा धीर, एवढ्यावर हे काम होतं. ब्लेडनं खरवडू नका, कड कापली गेली तर टायर गेला.

विजापूरवेस_गिअर

पापुद्रा ठेवायला माझा विरोध आहे. दर वेळी नवीन सीलंट वर ओतत गेलं की थरावर थर चढतो. १०० मिली सीलंट वाळून वीस-तीस ग्रॅम रबर मागे राहतं असं धरलं, तरी तीन-चार भरण्यांनंतर चाकाच्या बाहेरच्या घेरावर वजन चांगलंच वाढतं, आणि एका बाजूला साठलं तर वेगात चाक थरथरतं. शिवाय कंपनी बदलायची असेल तर जुनं सगळं निघालंच पाहिजे. सगळ्या सीलंटचं रसायन एक नसतं. दोन वेगळी एकत्र आली की कधीकधी लगेच दही धरल्यासारखं होतं आणि नवीन भरलेलं वाया जातं.

निपलपाना

थरावर थर चढू देऊ नये, हे बरोबर. ओलं सीलंट शिल्लक असताना कंपनी बदलायची तर आधी धुवून काढा, हेही मान्य. पण पूर्ण वाळलेला पापुद्रा नव्या सीलंटमध्ये मिसळत नाही, त्यामुळे तो पातळ असला तर त्याच्यासाठी दुपार घालवण्यात अर्थ नाही. नख लावल्यावर सहज उठतो तेवढा काढावा, जो अंगाशी एकजीव झालाय तो राहू द्यावा. जिथं पॅच लावायचा तिथं मात्र रबर उघडं पडेपर्यंत काढा. सोल्यूशन पापुद्र्यावर धरलं तर पॅच पापुद्र्यासकट सुटतो.

निपलपाशी पांढरं दिसतंय म्हणून टेप बदलाच. सीलंट टेपखालून रिमच्या पोकळीत गेलंय. बऱ्याच लेटेक्स सीलंटमध्ये अमोनिया असतो, आणि तो द्रव साचून राहिला तर ॲल्युमिनियमचे निपल आणि रिम गंजतात. ती पांढरी भुकटी म्हणजे तो गंज. टेप काढल्यावर चाक हलवून ऐका. आत डुचमळत असेल तर व्हॉल्व्हचं भोक खाली करून चाक टांगा, निथळू द्या, मग स्पोकची भोकं ओल्या फडक्यानं पुसून दिवसभर सावलीत वाळवा. भुकटी असलेले निपल पान्यानं पाव वळसा फिरवून पाहा. ताठ असतील तर जोर करू नका, तेलाचा एक थेंब सोडून थांबा. फुटलेला किंवा चीर गेलेला निपल आत्ताच बदला, टेप बसल्यावर त्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागतं.

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ५ मिमी जास्त हवी. तुम्हाला २७ ते ३० ची चालेल. जुन्या टेपचा गोंद राहिला तर खोबरेल तेल चोळून मऊ करा, खरवडून काढा, साबणानं धुवा, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा. तेलाचा अंश राहिला तर टेप तिथंच सुटेल. टेप ताणून, अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत बसवा, शेवट १० सेंमी एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक कात्रीनं पाडू नका, फाट पुढे सरकते. टोकदार सळई तापवून टोचलं की भोकाची कड वितळून पक्की होते.

सराटा_नको

उघडलंच आहे तर काटेही बघून घ्या. तुळजापूर रोडच्या कडेनं किंवा हिप्परग्याच्या कच्च्या वाटांवर चालवत असाल तर वेड्या बाभळीची टोकं आणि सराटे टायरमध्ये असणारच. सीलंट असताना ते कळत नाहीत, टोक आत तसंच राहतं आणि टायर लवला की छिद्र पुन्हा उघडतं. आत सरळ बोट फिरवू नका, कापेल. टेरी टॉवेलचा तुकडा फिरवा, त्याच्या फासांत बारीकसं टोकही अडकतं, आणि असे तुकडे सोलापुरात शोधावे लागत नाहीत. सापडलेला काटा आतून टोच्यानं बाहेर ढकला आणि बाहेरून पकडीनं ओढा. ३-४ मिमीपेक्षा मोठं भोक सीलंटच्या भरवशावर सोडू नये. आतून पॅच लावा.

व्हॉल्व्ह विसरू नका. हवा भरताना पंप जड जातो याचं कारण बहुतेक वेळा कोअरमध्ये वाळलेलं रबर असतं. कोअर कोमट पाण्यात भिजवून सुईनं पापुद्रा ओढून काढा, दांडा खालीवर मोकळा हलला पाहिजे. नाही हलला तर नवा घाला, महाग वस्तू नाही. व्हॉल्व्हच्या नळीतून जुना स्पोक आरपार घालून साफ करा. रबरी बुडाला चिरा असतील तर अख्खा व्हॉल्व्ह बदला. बाहेरची चकती हातानंच आवळायची. पकडीनं आवळली तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर ट्यूब घालायलाही व्हॉल्व्ह निघत नाही.

होटगीरोड२९

काम सुरू केलंय, पापुद्रा खरंच वळकट्या होऊन येतोय. अजून दोन शंका. पुढच्या चाकात थोडं पातळ सीलंट शिल्लक आहे, ते कुठं टाकायचं? आणि मोटारसायकलच्या टायरचं जेल स्वस्त मिळतं, ते चालेल का?

विजापूरवेस_गिअर

मोरीत ओतू नका. पाइपमध्ये जाऊन रबर होतं आणि मोरी तुंबते. जुन्या डब्यात काढा, त्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून काडीनं ढवळा. आम्लानं लेटेक्स गोठतं. केरळात रबराच्या चिकापासून शीट बनवताना त्यात फॉर्मिक आम्ल घालतात, तीच क्रिया. गोळा पिळून सुक्या कचऱ्यात टाका. कपड्यावर सांडलं तर ओलं असतानाच गार पाण्यानं धुवा, वाळल्यावर निघत नाही.

मोटारसायकलचं जेल घालू नका. ते घट्ट असतं, त्यात तंतू असतात, आणि सायकलच्या बारीक कोअरमध्ये ते लगेच अडकतं. शिवाय सायकलच्या पातळ टायरमध्ये ते झटकन पसरतही नाही.

निपलपाना

भरताना: २९ × २.२५ ला ९० ते १०० मिली, आणि बाटली आधी जोरात हलवा, भरड तळाशी बसलेली असते. तिकडे कुणी ४० मिमीचे ग्रॅव्हल टायर वापरत असेल तर ६० मिली, रोडच्या २८-३२ ला ३० ते ४० पुरतं. कडांना साबणाचं पाणी लावा, कोअर काढून ठेवूनच हवा मारा म्हणजे झोत मोठा मिळतो. कडा 'टक टक' करत बसतात. त्यासाठी ३५-४० पीएसआय लागू शकते, पण टायर आणि रिम या दोन्हींवर छापलेली मर्यादा बघा आणि कमी असेल ती पाळा. टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बसला. नाही दिसली तर हवा सोडून त्या जागी पुन्हा साबण लावा. मग कोअर घालून पुन्हा हवा भरा, चाक आडवं धरून दोन्ही कुशींवर फिरवा, दर बाजूला पाच-सात मिनिटं, आणि लगेच एक फेरी मारून या.

इथं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पाकिटावर लिहिलेले महिने धरून चालू नका. उन्हाळ्यात दर दीड महिन्यानं बघा, पावसाळ्यात आणि थंडीत तीन महिन्यांनी. बघायला टायर उघडायची गरज नाही. व्हॉल्व्ह तळाशी आणून थोडा वेळ थांबा, मग वर, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी घेऊन हवा सोडा आणि कोअर काढा, नाहीतर सीलंट अंगावर उडेल. परत तळाशी नेऊन केबल टायचं टोक आत घाला. ओलं आलं तर ठीक. कोरडं आलं तर सिरिंजनं ४०-५० मिली टाका. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते का? असेल तर सावलीच्या भिंतीकडे हलवा, आणि बरेच दिवस चालवणार नसाल तर आठवड्यातून एकदा चाकं हातानं फिरवा.

सराटा_नको

हवा भरतानाही व्हॉल्व्ह चार किंवा आठच्या काट्यावर ठेवा. तळाशी ठेवला तर सीलंट कोअरमध्ये चढतं आणि पंपाच्या गेजपर्यंत जातं.